गाऱ्हाण्यात राहून गेलेली माणसं

माझ्या माहेरच्या घरामागे आता नुसतं आभाळ आहे. पूर्वी तिथं डोंगर होता. हे नातवंडांना सांगितलं की ती हसतात, म्हणतात, "आजी, डोंगर कुठे जातो का?" जातो बाबांनो. आमचा गेला. बायकांच्या डोक्यावरून टोपलीटोपलीनं खाली उतरला, खाडीच्या तोंडाशी बार्जीत, म्हणजे सपाट मालवाहू होडीत पडला, बार्जीतून लांब उभ्या असलेल्या बोटीत आणि बोटीतून जपानला. तिकडे त्याचं लोखंड झालं म्हणे. त्या लोखंडाचं त्यांनी पुढे काय केलं कोण जाणे, आमच्या गावात त्यातला एक खिळासुद्धा परत आला नाही.

ही गोष्ट गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची. आमचं गाव गोव्याच्या हद्दीच्या अलीकडे, तसं शिरोड्याच्या बाजाराजवळ, म्हणजे सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचता येईल इतकं. शेती म्हणजे पावसाळ्यातलं एक भाताचं पीक, तेही दुसऱ्याच्या जमिनीत. भात संपलं की पेज, आणि पेजेतली शितं संपली की तिचं पाणी. गावातले बहुतेक पुरुष मुंबईला गिरणीत. माझे बाबा मात्र गेले नाहीत, कारण गावाचं गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराकडे होतं. ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, सोडून जायची सोय नाही.

शाळेच्या पुस्तकात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवासमोर घालतात. पेरणी असो, लग्न असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, बाबा हात जोडून राखणदारासमोर उभे राहायचे आणि कोणाकोणाला सांभाळायचं ते खणखणीत आवाजात सांगायचे. मागे जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायची. ह्यात एक मेख होती. राखणदार सांगितलं तेवढंच करतो. गाऱ्हाण्यात ज्याचा उल्लेख राहिला, तो राखणीच्या बाहेर. म्हणून बाबा कोणाला म्हणजे कोणाला विसरायचे नाहीत. गुरंवासरं, माहेरवाशिणी, मुंबईला गेलेले, विहिरीवर पाणी भरणाऱ्या, माडावर चढणारे, परसातलं मांजर धरून सगळे त्यात यायचे.

आई त्यावरून त्यांची फिरकी घ्यायची. "मांजराक इसारणत नाय, आणि बाजारातसून जिरां हाडूक सांगितलां काय बरे इसारतत!"

बाबा हसायचे. ते मुळात अबोल माणूस. त्यांचा मोठा आवाज आम्ही फक्त देवासमोर ऐकायचो.

हा राखणदार म्हणजे आमच्याच डोंगराच्या माथ्यावर, सातविणीच्या झाडाखाली असलेला कोहळ्याएवढा एक काळा दगड. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, म्हणून त्याला वर्षाला चामड्याच्या नव्या वहाणा द्यायच्या, शिरोड्याच्या बाजारातून मुद्दाम मोठ्या मापाच्या करून घेतलेल्या. जुन्या वहाणा बाबा खाली आणायचे आणि उलट्या करून आम्हाला तळवे दाखवायचे. टाचेकडे झिजलेले, अंगठ्याखाली खड्डा पडलेला. मी स्वतः पाहिलंय. कोणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

मग त्या डोंगरात लोखंड सापडलं. कोणी शोधलं, कोणाला विचारून शोधलं, आम्हाला काही ठाऊक नाही. एक दिवस टोपीवाले साहेब आले, खुंट्या ठोकून गेले, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कुदळी चालू झाल्या. पुरुष खणायचे, बायका टोपल्या भरून धक्क्यापर्यंत वाहायच्या. आई पहिल्याच दिवशी कामाला गेली. तिला कोणी ढकललं नव्हतं, हेही सांगायला हवं. आठवडा भरला आणि तिनं स्वतःच्या मर्जीनं चहापूड आणि साखर आणली, कोणाला न विचारता हातभर हिरवा चुडा भरून आली. आरशासमोर उभी राहून मनगट वळवून वळवून पाहत होती. तेवढी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

पण ती माती घरात आली ती आलीच. आईच्या केसांत तांबडं, पापण्यांत तांबडं, खोकली तर थुंकी तांबडी. न्हाणीघरातून पाणी वाहायचं ते कोंबडं कापल्यासारखं. तिच्या उशीवर डोकं टेकलं की कानाखाली रेती कचकचायची.

साहेबांचा बंगला धक्क्याच्या वरच्या टेकाडावर. तिथं यंत्रावर वीज लागायची आणि बाहेरून बर्फ यायचा. बर्फ काय असतो ते गावात कोणी पाहिलं नव्हतं. आईनं एकदा बंगल्यावरच्या स्वयंपाक्याकडून माझ्यासाठी त्याचा तुकडा मागून घेतला, पदराच्या टोकाला गाठ मारून धावत घरी आली आणि मला म्हणाली, "बघ, तुका काय हाडलंय!" गाठ सोडली तर नुसता ओला पदर. आम्ही दोघी इतक्या हसलो! मग मी तो पदरच तोंडात धरून चोखला. गार होता आणि मातीची चव होती. आजही ती चव तोंडात येते आणि मला जेवण जात नाही.

खणता खणता खाण सातविणीपाशी आली. तिथं मात्र सगळ्यांच्या कुदळी थांबल्या. राखणदाराच्या जागेला हात लावायला कोणी तयार होईना. काम ठप्प. तिकडे बोट समुद्रात खोळंबलेली. मुकादम घाटावरचा, मोठा गोडबोल्या. तो आमच्या अंगणात येऊन बसला आणि बाबांना म्हणाला, "देवाला जरा खाली यायला सांगा की. तुमचं ऐकेल तो. आम्ही त्याला चिऱ्याचं चांगलं देऊळ बांधून देऊ." देऊळ! त्याच्या त्या देवळाचा एक चिरा मी आजवर पाहिलेला नाही.

बाबा म्हणाले, "कौल लावूक व्हयो. तो व्हय म्हणात तर व्हय."

कौल म्हणजे देवाला विचारणं. फुलांच्या ओल्या कळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी सकाळी आंघोळ करून कळ्या लावल्या आणि समोर हात जोडून उभे राहिले. सारा गाव जमलेला. कळ्या हलेनात. ऊन चढलं, माणसं उपाशी, खाण बंद म्हणून घरोघरच्या चुली थंड. बायका आपापसांत कुजबुजायला लागल्या, "पड रे बाबा, पड." माझी आईही म्हणत होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होते.

आणि तेवढ्यात पलीकडच्या अंगाला मुकादमाच्या माणसांनी सुरुंग उडवला. पायाखालची जमीन हादरली. उजवी कळी गळून पडली.

"उजवो दिल्यान! उजवो दिल्यान!" एकच गलका झाला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली.

बाबा तसेच उभे. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "पडलो मा उजवो? मगे! आता कित्याक थांबलास?" सुरुंगानं कळी पडली हे तिला कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांनाच कळत होतं. पण भूक लागलेल्या माणसांना दिलेला कौल परत कसा फिरवायचा?

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो तुझो डोंगर आसा, तो परमुलखाक चललो. आमचो काय इलाज नाय. तू आमच्यावांगडा खाली ये. खाली बसान गावाची राखण कर. जी काय गुरां-वासरां आसत, शेतां-भाटां आसत, पोरां-टोरां आसत, मुंबयक गेलेली आसत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

मग त्यांनी तो दगड उचलला. आईनं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "आजच्या दिवस तुमी पण टोपली व्हावा." लोक हसले. बाबांनी राखणदार खाली आणून वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ठेवला. समोर कोऱ्या करकरीत वहाणा मांडल्या. दुसऱ्या दिवशी सातवीण तोडली आणि खाण चालू झाली.

बाबा रोज सकाळी वहाळाकडे जायचे आणि वहाणा उलटून पाहायचे. तळवे कोरेच. महिना गेला, थंडी सरली, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, तरी वहाणेला ओरखडा नाही. धूळसुद्धा चिकटलेली नाही. हळूहळू बाबांचं जेवण तुटलं. चार घास खाऊन ते पानावरून उठायचे आणि डोंगराकडे, म्हणजे डोंगराचं जे काय उरलं होतं त्याच्याकडे, पाहत बसायचे. "तो हंय ईलोच नाय," एवढंच म्हणायचे.

पावसाळा लागला की बंदर बंद. म्हणून मे महिन्यात बोटी भरायची घाई सुरू झाली. वरून खणत यायला वेळ लागतो, तेव्हा मुकादमानं खालून आत पोखरायला सांगितलं. आई रात्री जेवताना मला ताटातला भात खालून खाऊन दाखवायची. वर शितांचं छप्पर तसंच लोंबकळत राहायचं आणि मग एकदम कोसळायचं. "असा खणतत मेले," ती म्हणायची आणि हसायची. बाबा हसायचे नाहीत.

एक दिवस सकाळी तिनं टोपली उचलली तर बाबा दारात आडवे उभे. "आज जाव नको गो. तेच्यो वहाणो झिजणत नाय. तो राखणीक नाय."

"मगे चुलीर काय ठेवू? तेच्यो वहाणो?"

"एक दिवस रव."

"एक दिवस रवलंय तर मुकादम माझी टोपली दुसरीक देतलो." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "बाजूक व्हा. भोंगो झालो काय येतंय मी जेवूक." बाबा बाजूला झाले. त्यांनी बाजूला व्हायला नको होतं असं मी कित्येक वर्षं मनात म्हणत आले. पण कुठल्या तोंडानं अडवणार होता तो माणूस? घरात तांदळाचा दाणा नव्हता.

खाणीवरचा दुपारच्या सुट्टीचा भोंगा व्हायच्या थोडं आधी तो आवाज झाला. मी वहाळावर भांडी घासत होते. गाडीभर नारळ कोणी एकदम ओतावेत तसा आवाज, आणि मग कशाचाच आवाज नाही. डोंगरावरून तांबडा लोट वर चढला. मी भांडी टाकून धावले. सगळेच धावत होते.

दरड खाली आली होती आणि तिच्याखाली टोपल्या भरत असलेल्या बायका होत्या. कुदळ मारली तर बाईला लागेल म्हणून लोक हातांनी उकरत होते. माझी काकी त्याच रांगेत, थोडी पुढे गेलेली म्हणून वाचली होती. तिची नखं निघाली तरी ती थांबेना. आई संध्याकाळी मिळाली. तिचं तोंड पुसलं तरी तांबडंच राहिलं. चुड्यातली एकही बांगडी शाबूत नव्हती, आणि गळ्यातले काळे मणी गेलेले. काकीनं आजूबाजूला पुष्कळ शोधलं. काही सापडलं नाही.

बाबा तिच्या उशाशी बसले होते. ते रडले नाहीत. ओठ हलत होते. मी जवळ सरकून ऐकलं तर ते राखणदाराला खाली आणतानाचं गाऱ्हाणं पुन्हा म्हणत होते. गुरां-वासरां, शेतां-भाटां, पोरां-टोरां, मुंबयक गेलेली... आणि तिथं येऊन थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबायचे. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "डोंगरार कोण आसा ता सांगूक नाय मी. खाणीवरच्या बायलो रवल्यो."

तेव्हापासून कोऱ्या वहाणांचं त्यांनी नाव काढलं नाही, त्यांची खात्रीच झाली. राखणदार खाली आला तो गाव राखायला. डोंगरावर कोण राहिलंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बायका राखणीच्या बाहेर, आणि त्यांना बाहेर ठेवणारे बाबा.

बोट थांबायला तयार नव्हती. दिवसकार्यं उरकायच्या आत काम चालू झालं, आणि कोसळलेली ती दरडही टोपल्यांत भरली गेली. खणलेली आयती माती, मुकादम कशाला सोडतोय! काकी त्याच रांगेत टोपली घेऊन उभी होती. तिलाही पोरं होती. प्रत्येक टोपलीत ती आधी बोटं घालून माती चाळायची, मणी दिसतात का पाहायची, आणि मुकादम मागून ओरडायचा, "चल गं, चल!" मणी मिळाले नाहीत. तेही गेले बार्जीतून.

तालुक्याहून चौकशीला एक साहेब आला. बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. बाबांना बोलावलं, मीही त्यांचं बोट धरून गेले. साहेबासमोर बाबा शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचे.

"तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबानं विचारलं.

"चूक माझी आहे साहेब."

साहेब चमकला. "तुमची? ती कशी?"

"गाऱ्हाण्यात खाणीवरच्या बायकांना घ्यायचं राहिलं. राखणदाराला मी सांगितलंच नाही. तो कसा जाणार वर?"

साहेबानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "श्रद्धाळू माणूस आहे साहेब." व्हरांड्याखालच्या अंगणातून काकी ओरडली, "खोटा! मेल्यांनी खालसून पोखरल्यानी! विचारा तेका!" साहेब म्हणाला, "त्या बाईंना कोणीतरी शांत करा." मग चहा आला. बाबांनाही दिला, कपबशीतून. बाबांनी तो हातात धरला आणि प्यायले नाहीत. पोखरायला कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नव्हती, माझ्या बापानं सगळा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. इतकं स्वस्तात कोणाचं भागलं असेल? ते आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. बाबांची दया येते आणि त्यांचाच रागही येतो.

त्यानंतर गावात दुपार नकोशी झाली. भोंगा वाजला की डोंगरावरून बायका उतरल्याचा आवाज यायचा. वर कोणी नसताना. बांगड्यांची किणकिण, टोपल्या आपटल्याचा आवाज, मध्येच हसणं. त्या वेळी वर पाहायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मी ऐकलंय. भर उन्हात अंगावर काटा यायचा आणि तरी मी दारात जाऊन उभी राहायचे, कारण त्यात एक हसणं तिचं होतं. बाबा त्या वेळी वहाळाकडे जायचे आणि दगडासमोर उभे राहून एकेक बाईला नावानं राखणदाराच्या स्वाधीन करायचे. आता करून काय उपयोग, असं मी एकदा म्हणाले. ते म्हणाले, "त्यो अजून थंयच आसत मा गो."

वर्षाचं मोठं गाऱ्हाणं आलं तेव्हा सगळा गाव वहाळाशी जमला. मुकादमही नारळ घेऊन आला होता, पुढेच उभा होता. बाबांनी सुरुवात केली आणि ते थांबेचनात. एवढं लांब गाऱ्हाणं त्यांनी कधी घातलं नव्हतं. ह्या वेळी कोणी म्हणजे कोणी राहू द्यायचं नाही असा त्यांचा हिय्या दिसत होता. डोंगरावर खणणारे, टोपल्या वाहणाऱ्या, बार्जीवरचे, बोटीवरचे खलाशी. मग बंगल्यावरचे साहेब. मग मुकादम आणि त्याची घाटावरची मुलंबाळं. प्रत्येकाला "होय म्हाराजा" पडत होतं.

मग ते अडले. मागे वळून विचारलं, "त्या मुलखाचा नाव काय?"

"जपान," कोणीतरी म्हणालं.

"बा देवा म्हाराजा, त्या जपानात जी काय माणसां आमच्या मातयेचा लोखंड करतत, त्येंच्या भट्टेत माझ्या बायलेचे मणी गेले आसत. त्येंका काय ठावक नाय. तेचो त्येंका तरास होव नये. त्येंच्या बायलांक, त्येंच्या पोरांक सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. कित्येकांचे डोळे भरले होते.

मी म्हटलं नाही. काकीनं कोपर मारलं, "म्हण गो." मी दात आवळून धरले. माझ्या आईला सांभाळ म्हणून सांगायचं राहिलं, आणि जपानच्या बायकांना सांभाळ म्हणून मी होय म्हणू? मेले तरी म्हणणार नव्हते. गाऱ्हाण्याला जमलेल्या प्रत्येकाचा होकार लागतो. बाबांच्या ते लक्षात आलं. ते वळले आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. सगळा गाव माझ्याकडे पाहत होता. त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मला हंबरडा फुटेल असं वाटलं, पण तोंड काही उघडलं नाही.

शेवटी मुकादमच पुढे झाला. "लहान आहे ती," म्हणाला, माझ्या वाटणीचं "होय म्हाराजा" त्यानंच म्हणून टाकलं, आणि नारळ फोडला.